घरटी एक लाकूड

आमच्या गावात नगरपरिषदेच्या सूचना माझ्या आवाजात ऐकू येतात. मी खरं तर शिवणकाम करणारी बाई. बाजारपेठेत माझं ब्लाउजचं दुकान आहे, एक मशीन आणि एक आरसा मावेल एवढं. पण शाळेत असताना मी गणपतीच्या मंडपात माइकवर बोलायचे, ते कुणाच्या तरी लक्षात राहिलं. पुढे रिक्षावर कर्णा बांधून गावभर सूचना फिरवायची पद्धत आली तेव्हा मला बोलावणं आलं. उद्या पाणी उशिरा येईल, घंटागाडी येणार नाही, घरपट्टी भरा. मी दुकानातच मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि रिक्षावाला ते गल्लोगल्ली लावत हिंडतो. आवाज गोड आहे असं लोक म्हणतात. मी गोड नाही. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

थर्टी फर्स्ट हा आमच्याकडे पाहुण्यांचा सण. दिघीच्या जेटीवर गाड्यांची रांग लागते, दर दुसऱ्या घराच्या फाटकावर ‘रूम उपलब्ध’ची पाटी चढते आणि नळाचं पाणी करंगळीएवढं होतं. त्या आठवड्यात नागरिकांसाठी ज्या सूचना असतात त्यांचा अर्थ एकच. तुम्ही जरा कळ काढा, पाहुणे आलेत. घंटागाडी किनाऱ्यावर कामाला लागलेली असते, म्हणून तुमचा कचरा घरीच ठेवा. टँकर रिसॉर्टकडे गेलेले असतात, म्हणून पाणी जपून वापरा. आणि शेवटी गूळ लावायचा. ‘समुद्रकिनारी भव्य शेकोटी, सर्वांनी सहकुटुंब उपस्थित राहावे.’

गेल्याच्या आधीच्या डिसेंबरातही मीच हे वाचलं. बाबा तेव्हा दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेले होते. गल्लीतून रिक्षा गेली तशी त्यांनी डोळे उघडले.

“बाय, तुझा आवाज आला बघ,” म्हणाले. “शेकोटी हाय वाटतं यंदा.”

आता त्यांच्या आंब्याबद्दल सांगायला हवं. आमची नारळ-सुपारीची लहानशी वाडी आहे. तिच्यात विहिरीशेजारी रायवळ आंबा होता. मी लहान असताना बाबांनी त्याच्या जाड फांदीत लोखंडी कडी ठोकली आणि तिला झोपाळा बांधला. आळीतली सगळी पोरं तिथं झुलायची, मोहल्ल्यातलीसुद्धा. पुढे झोपाळा गेला, कडी मात्र लाकडात रुतून राहिली. वादळाच्या साली तो आंबा मुळासकट पडला. बाबा दोन दिवस त्याच्या बुंध्यावर बसून होते. वखारवाला सौद्याला आला तेव्हा त्याला त्यांनी हाकलून लावलं.

पूर्वी आमच्याकडे कुणी गेलं की घरटी एक लाकूड मयताच्या दारात यायचं. न सांगता यायचं. लाकडं दारात पडायला लागली की कळायचं, या घरात माणूस गेलं. मग घरोघरी गॅस आले आणि कुणाच्या परसात लाकूड राहिलं नाही. वादळानंतर नगरपरिषदेने स्मशानात पत्र्याची शेड बांधली आणि सांगितलं, पडलेल्या झाडांचं लाकूड इथं द्या, म्हणजे मयताच्या घराची धावपळ होणार नाही. ती सूचनाही माझ्याच आवाजात फिरली होती. बाबांनी अख्खा आंबा कापून शेडमध्ये रचला आणि आळीभर सांगत सुटले.

“माझं तिकीट मी काढून ठेवलंय. मला माझ्याच आंब्यावर न्यायचं. दुसऱ्याच्या लाकडावर मी जायचा न्हाय.”

ते एक जानेवारीला सकाळी गेले. शांतपणे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आळीतली माणसं तयारीला स्मशानात गेली आणि थोड्या वेळात हात हलवत परत आली. शेड रिकामी होती. झाडूनपुसून रिकामी. तिथला मुकादम म्हणाला, “लाकूड शेकोटीला नेलं. शेठनी सांगितलं.”

शेठ म्हणजे नववर्ष महोत्सव समितीचा प्रमुख. किनाऱ्यावर त्याचं रिसॉर्ट आहे, आणि ती भव्य शेकोटी दरवर्षी त्याच्याच फाटकासमोरच्या वाळूत पेटते. माझे बाबा अंथरुणावर शेवटचे श्वास मोजत होते तेव्हा त्यांचा आंबा तिथं गाण्यांच्या तालावर जळत होता. आणि लोकांना तिथं मी बोलावलं होतं, माझ्या गोड आवाजात.

नव्या वर्षाची सुट्टी, वखार बंद. मग आळीने घरात होतं नव्हतं ते आणलं. झावळ्या आल्या, मोडकी खाट आली, वादळात निखळलेली दाराची चौकट आली. एका घरातून जेवायला बसायचा पाट आला. तो देणाऱ्या वहिनी रडत होत्या, बाबांसाठी की पाटासाठी ते मी विचारलं नाही. मी एकुलती एक, अग्नी मीच दिला. झावळ्या भुर्रकन पेटल्या आणि विझल्या. मग डिझेल आणलं, टायर आणले. बाबांना जायला संध्याकाळ झाली. याहून जास्त मी लिहिणार नाही.

अस्थी गोळा करून येताना मी किनाऱ्याने आले. शेकोटीची राख अजून तशीच होती, तिच्यात बाटल्या आणि कागदी टोप्या. मी काठीने उकरलं. का उकरलं ते माहीत नाही, पण कडी सापडली. काळी पडली होती, बाकी शाबूत. ती पदरात बांधून मी तशीच शेठकडे गेले.

तो मोठ्या अगत्याने बोलला. हेच मला जास्त झोंबलं.

“ताई, बाबा आम्हाला वडिलांसारखे होते. पण लाकूड काय, सार्वजनिकच होतं ना? मागवलेलं ओलं निघालं, पाहुणे समोर उभे. काय करणार? पंधरा दिवसात शेड भरून देतो.”

“बरं,” मी म्हटलं.

दोनच दिवसांत बाजारपेठेच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. बाबांचा फोटो पासपोर्टएवढा, आणि खाली हात जोडलेला शेठ पुरुषभर उंच. त्याच फ्लेक्सच्या कोपऱ्यात नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. एका खर्चात दोन कामं. मी रोज त्याच्याखालून दुकानात जायचे आणि रोज मान वर करून बघायचे, म्हणजे राग शिळा होऊ नये.

पंधरा दिवस गेले, शिमगा गेला, पाऊस लागला. शेड रिकामीच. कार्यालयात गेले तर म्हणाले, ठराव घ्यावा लागेल. भर आषाढात आळीतली एक म्हातारी गेली. तिच्या मुलांनी तालुक्याहून टेम्पोत ताडपत्रीखाली लाकूड आणलं, तोवर दुसरा दिवस उजाडला, ती घरातच होती. मी तिच्या पायाशी बसून होते आणि माझ्या डोक्यात तिच्याऐवजी शेठच होता. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्याचं वाईट चिंतायचे, खोटं कशाला सांगू. त्याच्या टाकीत उंदीर मरावा, त्याच्या रूम ओस पडाव्यात. पण देव दुसऱ्या कामात असावा. रिसॉर्टला त्या वर्षी वरचा मजला चढला.

मग गेला डिसेंबर आला. कार्यालयातून मजकूर आला, पाणी, घंटागाडी, पार्किंग, आणि शेवटी तीच भव्य शेकोटी. तो वाचता वाचता माझं ठरलं. रिक्षावाला माझा शाळेतला सोबती. त्याला म्हटलं, घसा बसलाय, रेकॉर्डिंग नीट होत नाही, मीच माइक घेऊन रिक्षात बसते. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“काय करणार हायस तू?”

“सूचना वाचणार.”

“वाच बाई,” म्हणाला, आणि किल्ली फिरवली.

एकतीस तारखेच्या दुपारी आम्ही निघालो. मी शब्दन् शब्द सरकारी चालीत वाचला. कचरा घरी ठेवा. पाणी जपून वापरा. आणि शेवटी माझी एक सूचना जोडली. ‘गेल्या वर्षी शेकोटीसाठी स्मशानातील लाकूड वापरावे लागले होते. यंदा तशी अडचण येऊ नये म्हणून, सर्व नागरिकांनी पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे घरटी एक लाकूड शेठच्या फाटकात नेऊन ठेवावे.’

पाहुण्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नसणार. एका पाहुणीने तर टाळ्या वाजवल्या. पण गावातली माणसं जागच्या जागी थांबली. माझ्या बाबांवर कुणाच्या खाटा जळल्या ते ज्याचं त्याला ठाऊक होतं. एक बाई धुणं वाळत घालत होती, तिने हातातला पिळा तसाच बादलीत टाकला आणि परसाकडे गेली.

सूर्य बुडायच्या आत फाटकापाशी ढीग लागला. ओंडके, वासे, सुरूच्या फांद्या. मयताच्या दारात ठेवतात तसं खाली वाकून लाकूड ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. मोहल्ल्यातून चाचा आले, खांद्यावर जुन्या होडीची फळी. म्हणाले, “आमच्यात लाकूड लागत न्हाय बेटी. पन त्या आंब्याच्या झोपाळ्यावर माझी पोरं झुललीत.” रिसॉर्टच्या पोरांनी ढिगाभोवती दिव्यांच्या माळा लावायला घेतल्या, शेकोटीचंच सामान आलं समजून. शेठ बाहेर आला आणि त्याचा चेहरा उतरला. पोरांना ओरडून त्याने माळा काढायला लावल्या. आमच्यातलाच तो, त्याला कळलं.

माझ्याकडे लाकूड नव्हतं. वर्षभर जपलेली कडी मी निघताना पदरात बांधली होती, ती सोडली आणि ढिगावर ठेवली.

तेवढ्यात मागच्या जुन्या घरातून शेठची आई काठी टेकत आली. म्हातारी फारशी बाहेर पडत नाही. लाकडं बघून ती फाटकातच थबकली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, “कोन गेलं रे आपल्यातलं?”

“कुनी न्हाय आई. शेकोटीची लाकडं हायत. तू आत जा.”

“शेकोटीला घरटी लाकूड येतं व्हय? मला येडी समजतोस? कोन गेलं ते सांग!”

मला तिचं वाईट वाटलं. पण मी गप्प बसले नाही.

“काकी, माझे बाबा गेले.”

“त्यांना जाऊन वरीस झालं ना गो?”

“व्हय. लाकूड आज आलं.”

मागे स्पीकरवर गाणं चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. म्हातारीने कडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. तिच्या मांडीवर बसून शेठही त्या झोपाळ्यावर झुलला होता, ते तिला आठवलं असणार. तिने लेकाला एवढंच विचारलं, “हिच्या बाबाचा आंबा तू जाळलास?”

म्हातारी ढिगावर बसली, काठी आडवी मांडीवर घेऊन. “पेटव आता. माझ्यासकट पेटव.”

शेकोटी झाली नाही. शेठने पहिला ओंडका खांद्यावर घेतला. टेम्पो बोलावायला निघाला होता, म्हातारी म्हणाली, “खांद्यावरनं.” पांढरे बूट घालून तो किनाऱ्याच्या रस्त्याने स्मशानापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी दया येऊन आळीतल्या माणसांनी हात लावला. मी लावला नाही. पाहुणे मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मी त्याच्या मागून रिकाम्या हातांनी चालत होते आणि मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

माझ्याकडून सूचना काढून घेतील असं वाटलं होतं, पण दुसरा आवाज त्यांना मिळाला नाही. आता पाण्याच्या वेळा सांगून झाल्या की मी एक वाक्य माझं म्हणते. ‘स्मशानभूमीत पुरेसे लाकूड उपलब्ध आहे, नागरिकांनी निश्चिंत असावे.’ ते कुणी लिहून दिलेलं नाही, आणि ते गाळ असं म्हणायची हिंमतही कुणाला झालेली नाही. रिक्षावाल्याला मी सांगून ठेवलंय, शेठच्या फाटकापाशी रिक्षा थांबवायची आणि आवाज वाढवायचा.

परवा तो म्हणाला, “आता पुरे की. शेड भरली, मानूस नमला. किती दिवस चालवनार हायस?”

मी म्हटलं, “त्या शेडमध्ये आंब्याचं एक लाकूड दाखव, मग आवाज कमी कर.”