ताकाचा पहिला घोट

माझं लग्न आफ्रिकेनं जुळवलं, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. त्या दिवशी वरंधच्या वरच्या वाडीत नवरामुलगा म्हणून घाम पुसत मी बसलो होतो, हसणारे नव्हते.

माझा मामा पोलादपूरचा. तरुणपणी बोटीवर चढला, मोंबासाला उतरला आणि रेल्वेच्या साहेबाचा स्वयंपाकी झाला. नैरोबीपलीकडच्या डोंगरात किकुयू लोकांच्या शेजारी त्याची बरीच वर्षं गेली. परत आला तो शिंगाचा एक पेला आणि न संपणाऱ्या गोष्टी घेऊन. तिकडं म्हणे बाया लाकडाची मोळी पाठीवर घेतात आणि तिचा पट्टा कपाळाला लावतात. म्हातारा माणूस आशीर्वाद देताना तुमच्या छातीवर थुंकतो. मामा हे नुसतं सांगत नसे, करूनही दाखवी, म्हणून ऐकणारे जरा लांबच बसत. मुलीच्या बापाला तिकडं शेळ्या-मेंढ्या द्याव्या लागतात, याचं मात्र कुणाला नवल वाटलं नाही. आमच्यातही मुलीच्या बापाला देज द्यावंच लागे.

माझ्यासाठी मुलगी मागायला हाच मामा पुढं झाला. मी तिला बिरवाडीच्या बाजारात एकदाच पाहिली होती. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. वाडी घाटमाथ्यावर, शेती थोडी आणि गुरं फार. चढून गेल्यावर मुलीच्या बापानं ताकाचा तांब्या पुढं केला.

"पावणं, ताक घ्या. मंग सुपारी फोडू."

मामानं पिशवीतून शिंगाचा पेला काढला, ताकानं भरला आणि नाटकातल्या राजासारखा उभा राहिला. "तिकडं लग्न ठरवताना उसाची दारू असते. पण मुलगी आधी घोट घेऊन 'प्या' म्हणते, तेव्हाच म्हातारे तोंड लावतात. तिनं नाय घेतला, तर पावण्यांनी शेळ्या हाकत घरची वाट धरायची."

"हितं पोरीला कोन इचारतो?" बाप म्हणाला.

"म्हणून तर तहानलेला उभा हाय."

सुपारी हाताशी आली होती आणि या माणसानं किकुयूंचा डोंगर मध्ये आणून ठेवला! आतून मुलीची आई म्हणाली, "रीत बरी हाय गो. बोल ना, बाय!"

दाराआडून आवाज आला, "आधी इचारा, म्हस पिळता येते काय?"

"येते!" मामा माझ्या वतीनं म्हणाला. मी जन्मात म्हशीच्या खाली बसलो नव्हतो.

"मंग आमची पिळा."

नवं धोतर सावरत मी गोठ्यात गेलो. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, शेपटीचा फटकारा माझ्या गालावर दिला आणि पान्हा चोरला. पडवीत खोकले सुरू झाले. शेवटी मुलीच्या बापालाच दया आली. त्यानं बायकोचं जुनं लुगडं माझ्या अंगावर फेकलं.

"पांघर रे बाबा. ती बाईमाणसाबिगर पान्हा सोडत नाय. ही माहेरी गेली की मीबी पांघरतो."

मी पांघरलं. डोक्यावरून पदरही घेतला, फेट्याच्या वरून. म्हशीनं लुगड्याचा वास घेतला आणि पान्हा सोडला. चरवीत धार वाजली, तसा पडवीत असा हशा उसळला की खाली दासगावात ऐकू गेला असावा.

मग ती बाहेर आली. मामाच्या हातातला पेला घेतला, घोटभर ताक प्याली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लुगडं पांघरायला लाजला नाय. प्या आता."

सुपारी फुटली. घाट उतरताना मामा शिंगाचा पेला धोतराला पुसत होता. म्हणाला, "भाच्या, तिकडं नवऱ्याला लुगडं नेसवत नाहीत हां. ही रीत त्यांना कळवायला पाहिजे."

तो पेला आता आमच्या खुंटीला असतो. ताक ओतून, पहिला घोट हिनं घ्यावा म्हणून मी हिच्याकडं बघतो, आणि ही मुद्दाम चूल फुंकत बसते.