निकाल प्रक्रियेत आहे

आमच्या हॉस्पिटलात वॉर्डात झाडूपोछा करणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, पेशंटला उठवून बसवणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. अशा तेवीस मावश्या आहेत. पण नुसतं ‘मावशींना बोलवा’ म्हटलं की कुणी विचारायचं नाही, कुठल्या? मावशी म्हणजे मेडिकल वॉर्डातल्या त्याच. किरकोळ अंगाच्या, भरभर चालणाऱ्या आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणाऱ्या.

मी तळघरात रेकॉर्ड विभागात बसते. घरी गेलेल्या पेशंटच्या फायली माझ्याकडे येतात. मावशी त्या गठ्ठे बांधून आणायच्या, तेवढीच आमची ओळख. बाविसाव्या वर्षी त्या इथे लागल्या आणि सदतिसाव्या वर्षी त्यांनी नर्सिंगला नाव घातलं, तेव्हा वॉर्डात बरीच चेष्टा झाली. “मावशी, आता आम्हाला इंजेक्शन देणार का?” असं डॉक्टरांपासून लिफ्टमनपर्यंत सगळे विचारून झाले. मावशी हसायच्या आणि बादली उचलायच्या. पाळ्या बदलून घेत, वर्गात पेंगत, तीन वर्षांत त्यांनी अभ्यासक्रम पुरा केला. पण नुसत्या पदविकेने भागत नाही. पुढे परवान्याची परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय साध्या सलाईनलाही हात लावता येत नाही.

पहिल्या खेपेला त्या नापास झाल्या. घरी आणि आम्हाला त्यांनी एकच सांगितलं, “थोडक्यात गेलं.” आम्हीही ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून मोकळे झालो.

खरं काय घडलं होतं ते मला फार नंतर कळलं. परीक्षा संगणकावर होती. चाळिसाव्या प्रश्नापर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग एकाएकी घसा आवळल्यासारखा झाला, बोटांना मुंग्या आल्या, छातीत धडधड सुरू झाली. मावशींना वाटलं, हा हार्ट अटॅकच. लक्षणं पाठ असण्याचा हा तोटा. एकेक आठवत गेलं तसतसं एकेक व्हायला लागलं. पर्यवेक्षक बाईंनी पाणी दिलं, बाहेर नेऊन बसवलं. वीस मिनिटांनी त्या परत आल्या आणि दिसेल त्या उत्तरावर टिचकी मारत सुटल्या. कधी एकदा बाहेर पडते, एवढंच डोक्यात होतं.

पुन्हा बसायला सहा महिन्यांनी परवानगी होती. मावशींनी पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीपुढे सरकता यायचं नाही, आणि पुस्तक बंद केलं की अपराधी वाटायचं. मधला मार्ग म्हणून त्या घर आवरायच्या. पंख्याची पाती पुसून झाली, डबे घासून झाले, कपाटातले कपडे तीनदा लावून झाले. त्यांचे यजमान लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. ते एकदा म्हणाले, “अगं, पुढच्या परीक्षेपर्यंत या भिंती झिजतील.”

हा गुंता सोडवला त्यांच्या सासूबाईंनी. सासूबाई शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेल्या, पण त्यांना वाचायची हौस दांडगी. एका दुपारी सून ओट्याशी भांडी घासत होती आणि प्रश्नांचं पुस्तक स्टुलावर पडलं होतं. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागल्या.

“पेशंटच्या शरीरात इलेक्ट्रिक लाईटचं असंतुलन झाल्यास...”

“इलेक्ट्रोलाइट, आई. शरीरातले क्षार.”

“तेच ते. झाल्यास सर्वप्रथम काय तपासाल? अ, ब, क, ड.”

“पर्याय तर वाचा.”

“तुला येत असेल तर पर्याय कशाला हवेत?”

मावशींनी पातेलं घासता घासता उत्तर सांगितलं. सासूबाईंनी मागची पानं उलटून ताळा केला. बरोबर होतं. पुढचा प्रश्न, तोही बरोबर. असे अकरा प्रश्न झाले. बाराव्याला भांडी संपली, मावशी हात पुसून टेबलाशी येऊन बसल्या आणि गाडी अडली. सासूबाईंनी रिकाम्या ओट्याकडे पाहिलं, मग सुनेच्या रिकाम्या हातांकडे. मग म्हणाल्या, “ऊठ. त्या खिडकीच्या जाळ्या काढून घास बघू.”

तेव्हापासून तसंच ठरलं. हात कामात असले की डोकं जागेवर राहायचं. सासूबाई वाचायच्या, सून कपडे घड्या करायची, भाजी निवडायची, नाहीतर शिवण उसवून पुन्हा घालायची. शब्दांची वाट लागायची, पण अभ्यास व्हायचा. वॉर्डातही चादरीचे कोपरे दुमडताना मावशी ओठ हलवत औषधांचे डोस म्हणायच्या. एका म्हाताऱ्या पेशंटनं तर विचारलं, “बाई, माझ्यासाठी काही जप करताय का? एवढा वाईट आहे का मी?”

दुसऱ्या परीक्षेला साधारण तिसाव्या प्रश्नाला घसा पुन्हा आवळायला लागला. मावशींनी मांडीवर रुमाल पसरला आणि त्याचे कोपरे चादरीसारखे दुमडायला सुरुवात केली. एक कोपरा, एक प्रश्न. धडधड थांबली नाही, पण बाहेर जावं लागलं नाही.

या परीक्षेची एक गंमत आहे. गंमत म्हणायची ती आपण. प्रश्न किती ते ठरलेलं नसतं. हा उमेदवार पास होणार की नापास, याची संगणकाला खात्री पटली की तो आपोआप थांबतो. कुणाला दीडशे प्रश्न येतात, कुणाला शंभर. मावशींचा संगणक पंच्याऐंशीला थांबला. म्हणजे एकतर फार चांगलं झालं होतं, नाहीतर फार वाईट. मधलं काही शिल्लक नव्हतं.

निकाल तीन आठवड्यांत लागणार होता. पुढे काही तांत्रिक कारण निघालं आणि तिनाचे सात आठवडे झाले.

त्या सात आठवड्यांत मावशी आणि मी खऱ्या अर्थानं एकमेकींना ओळखायला लागलो. घरी फोनवर निकाल बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. म्हणून रोज जेवणाच्या सुट्टीत त्या तळघरात यायच्या. मी माझ्या संगणकावर त्यांचा परीक्षेचा नंबर टाकायची. तो मला माझ्या फोन नंबरासारखा पाठ झाला होता. त्या माझ्याकडे पाठ करून फायलींच्या मांडणीकडे बघत उभ्या राहायच्या.

“काय म्हणतंय, ताई?”

“निकाल प्रक्रियेत आहे.”

“कालही तेच होतं ना?”

“कालही तेच.”

मग त्या डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि झाकण लावायच्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. पहाटे जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, म्हणायच्या. त्यांच्याबरोबर परीक्षेला बसलेल्या एका मुलीचा निकाल आधी लागला. ती पास झाली. तिचं अभिनंदन करून फोन ठेवला आणि मावशी माझ्या खुर्चीवर मटकन बसल्या. “मला तिचं ऐकून बरं वाटलंच नाही हो,” म्हणाल्या. “माझं मन असं नव्हतं.”

पाचव्या आठवड्यात वॉर्डात गडबड झाली. एक्स-रेला न्यायचं होतं बारा नंबरच्या पेशंटला, मावशी अकरा नंबरच्याला घेऊन गेल्या. एक्स-रेवाल्यानं नाव विचारल्यामुळे चूक लगेच लक्षात आली, कुणाचं काही बिघडलं नाही. उलट अकरा नंबरचे आजोबा फिरून आल्यामुळे खूशच होते. पण एवढ्या वर्षांत मावशींच्या हातून असं कधी झालं नव्हतं. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरांनी त्यांना बाजूला घेतलं.

“काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही सिस्टर. झोप कमी पडतेय.”

“दोन दिवस घरी राहा.”

मावशी कशाबशा अर्धा दिवस घरी राहिल्या आणि दुपारच्या पाळीला हजर झाल्या. मोठ्या सिस्टरांनी कपाळाला हात लावला, पण परत पाठवलं नाही.

त्याच आठवड्यात घरी आणखी एक झालं. शेजारीण आली होती. सासूबाई तिला कौतुकानं सांगत होत्या, “आमची सून आता सिस्टर झाली बरं का. नुसता कागद यायचाय.”

मावशी आतून ओरडल्या, “झाले नाही मी! कशाला गावभर सांगता?”

शेजारीण चहा अर्धा ठेवून उठली. संध्याकाळी यजमान कामावरून आले. त्यांनी काही विचारायच्या आतच मावशींना रडू फुटलं, आणि पहिल्या परीक्षेचं सगळं बाहेर पडलं. घसा, मुंग्या, पाणी, बाहेरचं बाकडं, मनाला येईल तशा मारलेल्या टिचक्या. थोडक्यात गेलंच नव्हतं, ते तिथेच संपलं होतं, असं त्या म्हणाल्या.

यजमानांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाले, “लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं सगळी बटणं दाबत सुटतात. मी वरून ओरडतो, काही दाबू नका, मी आलोय. एवढं ऐकलं की निम्मी माणसं शांत होतात.”

“मी काय लिफ्टमध्ये अडकले होते?”

“नव्हतीस? आणि मी वर आहे, हे तरी तुला माहीत होतं का? मला सांगितलंच नाहीस तू.”

त्यांच्या आवाजात राग कमी आणि लागलेलं जास्त होतं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “त्या दिवशी घरी येऊन तू आम्हाला गरम जेवण करून वाढलंस ना? वरून मला विचारलंस, भाजीत मीठ बरोबर आहे का.”

“हो.”

“आणि मी म्हटलं, जरा कमीच आहे.” सासूबाई उठल्या आणि त्या दिवशीचा स्वयंपाक त्यांनी केला. करपला थोडा. तसाच सगळ्यांनी खाल्ला.

निकाल लागला तो मंगळवार होता. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी नेहमीसारखा नंबर टाकला, आणि नेहमीचं वाक्य आलंच नाही. पान दुसरंच उघडलं. त्यावर लिहिलं होतं, ‘उत्तीर्ण’.

“मावशी, झालात तुम्ही पास.”

त्या वळल्या नाहीत. “परत टाका नंबर.”

मी परत टाकला. तिसऱ्यांदाही टाकला. मग त्या स्वतः आल्या, पडद्याजवळ वाकल्या आणि आपलं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मला वाटलं, आता मिठी मारतील, रडतील. मावशी फायलींच्या गठ्ठ्यावर बसल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, “ताई, पाय फार दुखतायत हो.”

मग वर जाऊन उरलेली पाळी पुरी केली, पाच वाजेपर्यंत वॉर्डात कुणाला काही सांगितलं नाही. घरी सांगितलं, सासूबाईंनी गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, आणि मावशी न जेवता झोपल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्या. यजमान दोनदा श्वास चालू आहे का बघून गेले.

ही गोष्ट इथे संपवली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही.

परवाना आला, मावशी सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून रुजू झाल्या. पांढरा गणवेश त्यांना सैल होत होता, खांद्यावरून सारखा घसरायचा. काम उत्तम होतं, सगळे सांगत. पण औषधांची फेरी सुरू करायच्या आधी घसा आवळायचाच. एक गोळी पाच पाचदा तपासायच्या. पाळी संपवून घरी गेल्यावर वॉर्डात फोन करून विचारायच्या, चार नंबरचं सलाईन बंद केलं होतं ना मी? वॉर्डात पाळीवर असलेली मुलं चांगली होती, “हो सिस्टर, केलं होतं,” म्हणायची. पण रोज किती वेळा म्हणणार?

एका दुपारी त्या तळघरात आल्या. मी थट्टेनं म्हटलं, “आता कुठला निकाल बघायचाय?”

त्या हसल्या नाहीत. “मला वाटलं होतं, पास झाले की हे जाईल,” म्हणाल्या. “परीक्षेमुळेच आहे, असं वाटायचं. गेलं नाही, ताई. बहुतेक ते आधीपासूनच होतं.” मग मांडणीकडे बघत हळूच विचारलं, “मनाच्या डॉक्टरांची ओपीडी कुठल्या वारी असते?”

“गुरुवारी. तुम्ही कितीतरी पेशंट नेऊन सोडलेत तिथे.”

“दारापर्यंत. आत कधी गेले नाही.”

गुरुवारी मी त्यांच्याबरोबर खिडकीवर गेले आणि केसपेपर काढला. एवढ्या वर्षांत त्यांच्या नावाचा कागद या हॉस्पिटलात नव्हता. आजारपणंसुद्धा घरीच काढलेली. कारकुनानं विचारलं, “तक्रार काय लिहू?” मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “भीती वाटते. कारण नसताना.”

बाहेर बाकावर मोठी रांग होती. ओळखीचे वॉर्डबॉय येता-जाता बघत होते. एकानं विचारलंही, “सिस्टर, पेशंट कुठाय?” मावशी म्हणाल्या, “मीच आहे.” तो गडबडला आणि निघून गेला. अर्ध्या तासानं नाव पुकारलं तेव्हा त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. मी हलवून उठवलं. गणवेशाचा खांदा सारखा करून त्या आत गेल्या.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. काही महिने गोळ्या होत्या, त्या आता बंद झाल्या. डॉक्टरांकडे बोलायला त्या अजून जातात, महिन्यातून एकदा. घसा अजून आवळतो, पण आता त्या त्याला ओळखतात. घरून वॉर्डात फोन करतात तो आठवड्यातून एखादाच. परवा विचारलं, कसं चाललंय, तर म्हणाल्या, “दमते हो. पण नुसती कामानं दमते.”