आधीची नोंद

कार्तिक मध्यावर आला की भोरच्या भोवतीची खाचरं एकेक करून रिकामी होतात, आणि कापलेल्या भाताच्या पेंढ्याचा गोडसर, किंचित धुळकट गंध दुपारच्या उन्हाबरोबर आमच्या कार्यशाळेच्या दारातून आत येतो. आत मात्र तारांना डाग देताना वितळलेल्या राळेचा वास असतो. ते दोन वास एकमेकांत मिसळत नाहीत, दारातल्या उंबऱ्याशीच कुठेतरी एकमेकांना टेकून उभे राहतात. पंचवीसेक वर्षं मी या कार्यशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आहे. पत्नी गेल्यापासून आणि मुलगी नोकरीसाठी बंगळूरला स्थिरावल्यापासून सुटीच्या दिवशीही मी इथेच येऊन बसतो, कारण घरातल्या शांततेला काही काम नसतं आणि इथल्या शांततेला निदान एखादं मोडलेलं यंत्र असतं.

अशाच एका दुपारी ठकाबाई आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या दारात थांबल्या, तेव्हा उजेडाकडे पाठ असल्यामुळे चेहरा मला आधी दिसलाच नाही. वेल्ह्याच्या वर, डोंगरपठारावर धनगरांची सात-आठ घरं आहेत, त्यांतलं एक त्यांचं. माझ्या बालमित्राची, बिरूची आई. शाळेच्या वयात मी त्या घरी सुट्ट्यांमध्ये राहिलो आहे, त्यांच्या हातची नाचणीची भाकरी आणि शेळीचं दूध यांवर वाढलो आहे.  बिरूला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्यांच्याकडे एकदाही गेलो नव्हतो.

त्यांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. फडक्यात बांधून आणलेलं एक यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं. दोन पडद्यांचं, पुस्तकासारखं मिटणारं, हातात धरून खेळायचं जुनं गेमचं यंत्र. बिरू जहाजावर इंजिनघरात काम करायचा. चीनच्या कुठल्याशा बंदरात त्याने ते घेतलं होतं आणि पुढे ते सदैव त्याच्याबरोबर असायचं. रजेवर आला की पडवीत बसून तासन्‌तास त्यात पाहायचा. आता ते चालू केलं की पडद्यावर चिनी अक्षरांत काहीतरी प्रश्न येतो आणि पुढे सरकत नाही. वेल्ह्यातल्या मोबाईलवाल्याने उलटसुलट करून पाहिलं आणि एकही बटण न दाबता परत दिलं. हे आपल्याकडचं नाही, म्हणाला.

"त्यो कशात बगायचा एवडा, ते मला बगायचंय," ठकाबाई म्हणाल्या. "आन्‌ त्याचं काय लिवल्यालं असलं तर वाचून दाव."

मी पंधरा दिवस मागून घेतले.

बिरू आणि मी भोरला एकाच वसतिगृहात वाढलो. त्याची जन्मतारीख शाळेच्या पटावर एक जून होती, माझीही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची तीच होती, कारण आईबापांना नेमकी तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजी सगळ्यांना तीच लावून टाकायचे. पुढे जहाजावरच्या कामाचं प्रशिक्षण आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. अर्ज मीच भरले होते. निघायच्या दिवशी तो पुण्याच्या स्थानकावर पेटी घेऊन उभा होता आणि मी भोरमध्ये माडीवर दार लावून बसलो होतो. समुद्राची भीती वाटली, हे एवढं साधं वाक्य मला तेव्हा बोलता आलं नाही. तो एकटा गेला. त्याची पत्रं आली, पुढे फोनवर संदेश आले. मी उत्तर द्यायचं उद्यावर ढकलत राहिलो, आणि उद्या साचत साचत इतके झाले की त्यांच्यापलीकडचा माणूस दिसेनासा झाला.

त्याहून वाईट गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. चार वर्षांपूर्वी एका दुपारी सामानाच्या खोलीत असताना मला बाहेर आवारात बिरू दिसला. अंगाने भरलेला, उन्हाने करपलेला, हातात मिठाईचा खोका. तो शिपायाकडे 'शिरंग आहे का' अशी माझी चौकशी करत होता. मी शिपायाला मागच्या दाराने बोलावून घेतलं आणि सर पुण्याला गेलेत असं सांगायला लावलं.  बहुधा तो हसत भेटेल याचीच मला धास्ती वाटली असावी. थोड्या वेळाने तो निघून गेला. पुढे दोन-अडीच वर्षांनी जहाजावरून परतला तो दुखणं घेऊनच, आणि पुण्याच्या रुग्णालयातून घरी आलाच नाही. ही बातमी मला बाजारात भाजी घेताना कळली; मी पिशवीत मेथीची जुडी ठेवली आणि घरी आलो.

यंत्राचं पहिलं कोडं सोपं निघालं. आतली छोटी बॅटरी संपल्यामुळे त्याचं घड्याळ पुसलं गेलं होतं आणि ते बिचारं नुसती तारीख विचारत होतं. पण मी उत्तर दिलं नाही. अशा चिनी यंत्रांच्या भाषेच्या यादीत चिनीखेरीज दुसरा पर्याय दिसत नाही असं ऐकून होतो, आणि मला आधी ते आतून वाचायचं होतं. अशा यंत्रांच्या वेड्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली टिपणं मी वाचत गेलो, तेव्हा हळूहळू उमगलं की भाषा यंत्रात नसतात असं नाही. इंग्रजी त्यात होती, जपानी होती, फ्रेंच होती. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे जन्मतःच त्याच्या चिपमध्ये कोरलेल्या मूळ आज्ञावलीत, एका कोपऱ्यात एक आकडा असतो, आणि तो आकडा सांगतो की हे यंत्र कोणत्या मुलखाचं. त्या एका आकड्यावरून बाकीच्या साऱ्या भाषांवर पडदा पडतो. मुलूख बदलला की पडदा सरतो. पण तो आकडा कुठल्याच यादीत दिसत नाही, आणि अंदाजाने बदलायला जावं तर आतले आकडे शाबूत आहेत का हे तपासणारी पडताळणीची बेरीज चुकते आणि यंत्र सगळंच नाकारतं.

मी यंत्र उघडलं. चिपच्या पायांना केसाएवढ्या तारा जोडल्या, तिच्यातला मजकूर संगणकात उतरवून घेतला, आणि रविवारच्या लांबट, पिवळ्या दुपारी आकड्यांच्या त्या रांगांमधून बोट फिरवत बसलो. खिडकीबाहेर नीरेच्या दिशेने बगळे जात होते. कित्येक दिवसांत मी इतक्या लक्षपूर्वक कुणाचं काही वाचलं नव्हतं.

मुलखाचा आकडा दुसऱ्या रविवारी सापडला. पण त्याच्या शोधात मला दुसरंच काही हाती लागलं. यंत्र मालकाची माहिती एकदा नव्हे, दोनदा लिहून ठेवतं: नाव, जन्मदिवस, आणि सव्वीस अक्षरांत मावेल असा एक संदेश. बदल केला की ते ताज्या नोंदीला हात लावत नाही. दोहोंतली जुनी असेल ती पुसून तिथे नवी लिहितं. लिहिता लिहिता वीज गेली तरी निदान एक प्रत शाबूत राहावी म्हणून. त्यामुळे पडद्यावर नेहमी ताजी नोंद दिसते, आणि तिच्या आधीची, कुणाला न दिसणारी, तशीच शेजारी पडून असते.

ताज्या नोंदीत नाव होतं बिरू, जन्मदिवस एक जून, आणि संदेशाची जागा मोकळी. आधीच्या नोंदीत नाव तेच, जन्मदिवस तोच. संदेश मात्र होता. रोमन लिपीत, प्रत्येक अक्षरानंतर एक शून्य, त्यामुळे अडखळत बोलल्यासारखा. मी शून्यं वगळून तो कागदावर उतरवला.

आधी भोरला उतरतो.

पुण्याहून वेल्ह्याला जाणारा माणूस चेलाडी फाट्यावर वळतो. भोर त्याच्या वाटेवर लागत नाही. भोरला बिरूचं कुणी नव्हतं, काही काम नव्हतं. इथे मी होतो. समुद्रावर कुठेतरी, रजेचे दिवस जवळ आले असताना, त्याने हे तीन शब्द यंत्रात लिहिले असतील आणि रोज ते चालू करताना वाचले असतील. मग तो उतरला. आणि त्यानंतर केव्हातरी त्याने ते पुसले. त्यानंतर त्याने एकही बदल केला नाही, म्हणून ते मला सापडले.

आता मी भाषा बदलली असती तर यंत्राने याच नोंदीवर नवी नोंद लिहिली असती. संगणकात माझ्याकडे प्रत होती, म्हणजे तसं काही हरवणार नव्हतं. अडचण वेगळी होती. यंत्रातून ती ओळ गेली की ती ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरणार होता, आणि त्या माणसाचा मला भरवसा नव्हता. सबंध आठवडा ते उघडं यंत्र टेबलावर तसंच पडून राहिलं. मी वर्गात शिकवत होतो, डबा खात होतो, आणि म्हाताऱ्या आईला मोकळी जागा दाखवून 'काही लिहिलेलं नाही' असं सांगणं किती सोपं आहे, याचा विचार करत होतो. ते खोटंही ठरलं नसतं.

शेवटी मी आकडा बदलला, बेरीज जुळवली, यंत्र पुन्हा जोडून चालू केलं. पडद्यावर इंग्रजी आली. तारीख भरली. खाचेत अडकवलेला खेळ यंत्राचीच भाषा बोलणारा होता, तोही वाचता आला. तो शेतीचा खेळ निघाला. बिरूने त्यात एक कुरण राखलं होतं, बांध घातले होते, आणि हिरव्या उतारावर पांढऱ्या मेंढ्या चरत होत्या.

ठकाबाई ठरल्या दिवशी आल्या. मी त्यांना ते कुरण दाखवलं. त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ धरलं, मेंढ्या चालताना पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. "ह्यास्नी कातरायला झालंय," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, त्याचं काय लिवलं हुतं का.

मी कागद काढला आणि ती ओळ वाचून दाखवली. ती कशी आणि कुठे सापडली हे सांगितलं. आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना, म्हणून बाकीचंही सांगितलं. स्थानक, माडी, सामानाची खोली, शिपाई.  त्यांच्याकडे न बघता मी टेबलावरच्या तारा गोळा करत होतो.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगितलं हुतं. शिरंग आतच हुता म्हनला. खिडकीतनं दिसला त्याला."

 मी विचारलं, मग मावशी, हे तुम्ही माझ्याकडे का आणलंत.

"दुसऱ्या कुनाकडं नेऊ? त्याला वळखनारं हाय कोन आता?"

मग मी विचारलं की तो फार रागावला होता का. त्यांनी आठवून पाहिलं. उत्तर माझ्या सोयीने द्यावं असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. जे झालं ते जसंच्या तसं सांगावं, एवढीच त्यांची धडपड दिसली.

"न्हाई रं. आला तवा लई वेळ गप बसला. मिठाई शेजारच्या पोरींना वाटली. मग जेवताना म्हनला, आये, शिरंगाचे केस पिकले गं."

इतकी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी आमची भेट झालीच नाही. मी ती होऊ दिली नाही, हे माझं पाप आणि, एका परीने, माझा आडोसाही. पण तो मला भेटून गेला होता. उन्हात उभं राहून त्याने मला पाहिलं, माझं वय पाहिलं, मी लपलोय हेही पाहिलं, आणि घरी जाऊन त्यातली केसांची गोष्ट तेवढी सांगितली. संदेश पुसताना त्याच्या मनात काय होतं, ते कुठल्याही चिपमध्ये लिहिलेलं नाही. राग असेल. किंवा उतरून झालं होतं, म्हणून ती ओळ जुनी झाली असेल, इतकंच.

मी विचारलं, त्या मोकळ्या जागेत आता काही लिहायचं का. सव्वीस अक्षरं मावतात. ठकाबाईंनी यंत्र मिटून फडक्यात बांधलं आणि राहू दे म्हणाल्या.

मी त्यांना एसटी स्थानकावर सोडायला गेलो. चेलाडीला उतरून त्यांना वेल्ह्याची गाडी धरायची होती. फलाटावर उन्हं कलली होती, डिझेलचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास होता. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, सटीला देवाचा भंडारा हाय, वर ये. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी, आठ-दहा दिवसांवर आली होती.

गाडी सुरू झाली होती. "येतो," मी म्हणालो. हा शब्द मी त्या घरातल्या माणसाला पूर्वी एकदा दिला होता आणि पाळला नव्हता, म्हणून तो तोंडातून निघताना मला अनोळखी वाटला. इंजिनाच्या आवाजात तो खिडकीपर्यंत पोहोचला की नाही, कळलं नाही. ठकाबाई मांडीवरचं फडकं दोन्ही हातांनी धरून समोर पाहत होत्या. गाडी वळणाआड गेली, तरी मी फलाटावर उभा होतो. आणि वेल्ह्याहून वरच्या पठारावर जायची पायवाट आता कुठून सुरू होते, ते मला आठवेना.