बाई व्हिडिओ थांबवतात तेव्हा

महानंदाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मोबाइलवर खेकसत होत्या. कळंबहून बदली होऊन मी ढोकीजवळच्या आमच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. दहावीच्या वर्गात गणिताचा व्हिडिओ सुरू होता आणि त्यातले सर उदाहरण सोडवत सुसाट निघाले होते. “अहो थांबा की जरा, पोरींना लिहू द्या!” असं म्हणत बाईंनी व्हिडिओ थांबवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे सर लई हुशार हायेत, पण मागं वळून बघत न्हाईत.”

इंटरनेटवरचे हे मोफत धडे आमच्या शाळेत बाईंनीच आणले. सुरुवातीला त्या अख्खा धडा दाखवायच्या. “कळलं का?” विचारलं की वर्ग एका सुरात “व्हय बाई” म्हणायचा. दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावलं, तर एकीलाही समीकरण मांडता येईना. तेव्हापासून बाई उत्तराच्या एक पायरी आधी व्हिडिओ थांबवू लागल्या. पुढची पायरी मुलींनी सांगायची. त्या वेळची शांतता मला सोसायची नाही, मी पटकन उत्तर सुचवायचे आणि बाई डोळे वटारायच्या. अजूनही मला ते नीट जमत नाही.

माझ्या सासूबाई लातूरला दवाखान्यात होत्या, तेव्हा बाईंनी न विचारता माझे तास घेतले. निवृत्त झाल्यावर तरी त्या स्वस्थ बसतील असं वाटलं होतं. पण रोज दुपारी त्या शाळेत हजर असतात.

यंदा दहावीतली रोहिणी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. “गणितात नापास झाली तर पुढच्या हंगामाला हिच्या हातात कोयता,” असं वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं. बाईंनी तिच्या घरच्या फोनमध्ये सगळे धडे उतरवून दिले. व्हिडिओ थांबवायचा आणि पुढची पायरी स्वतःच्या आवाजात बाईंना पाठवायची, असं ठरलं. काही आठवडे तिचा आवाज येत राहिला, मग बंद झाला. बाई बोलता बोलता फोन बघायच्या, मध्येच उठून उभ्या राहायच्या. एके सकाळी मला म्हणाल्या, “चला.” एसटी बदलत आम्ही तोडीचा तळ गाठला.

रोहिणी मोळ्या बांधत होती.

“धडे बघतीस का?”

“समदे बघून झाले, बाई.”

“दिसभर त्यो सर बोलतोय अन् ही नुसती मुंडी हलवतीया,” तिची आई हसत म्हणाली.

“मग आवाज का न्हाई पाठवलास?” बाईंनी विचारलं.

रोहिणी मोळीची गाठ आवळत म्हणाली, “अडलं तर त्या सरांना इचारता येत न्हाय.”

“मला इचारायचं की!”

“तुम्ही म्हणाल, एवढंबी येत न्हाय.”

बाई तिथंच बांधावर बसल्या आणि पुष्कळ वेळ तिच्याकडून गणितं करून घेत राहिल्या. निघताना म्हणाल्या, “आता उत्तरं पाठवू नको. कुठं अडलं तेवढंच पाठव.”  परतीच्या गाडीत म्हणाल्या, “इतकी वर्षं उत्तरच मागत आले मी. अडलं की सांगावं, हे शिकवायचं राहिलंच.”

त्यानंतर रोहिणीचे निरोप पुन्हा सुरू झाले. भाकरी थापता थापता, पिठाच्या हातांनी बाई तिला उत्तर देत असत.

उद्या रोहिणीचा गणिताचा पहिला पेपर आहे. दोन्ही पेपर होईपर्यंत साठीचा सत्कार नको, असं बाईंनी बजावलंय. परीक्षेसाठी तिला परत घेऊन आलेल्या वडिलांनी आज शाळेच्या दारात विचारलं, “बाई, निघंल न्हवं पोरगी?”

“सांगता येत न्हाई,” बाई म्हणाल्या. “पण गेली तरी कोयता द्यायचा न्हाई. पुन्हा बसवू तिला.”

वडील काहीच बोलले नाहीत. हे लिहितानाही त्यांचं ते गप्प राहणं माझ्या मनातून जात नाही. म्हणून साठाव्या वर्षी बाईंना निवांत आयुष्य चिंतायला माझी लेखणी धजत नाही. त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, नजर स्वच्छ राहो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि त्यांनी सुखरूप शंभरी पाहावी. निकालात काही उणं निघालंच, तर बाई रोहिणीच्या वडिलांकडे जातील. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर असेन.