साधं करू का एचडी?

मिक्सिंगच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. लोकच ते पिशवीत घालून आणून देतात. कुणी पेन ड्राइव्हमध्ये आणतं, कुणी सीडीत, कुणी बुरशी लागलेल्या कॅसेटमध्ये. आपण फक्त तोंड बंद ठेवायचं आणि माऊस हलवायचा. मी अकरा वर्षं तोंड बंद ठेवलंय. आता जरा उघडते. काही नावं गाळलीत, काही बदललीत, कारण मला इथंच राहायचंय.

सेनगावात बसस्टँडपासून थोडं पुढं, पहिल्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. मालक रौफभाई. लग्नाचं शूटिंग तेच करतात. लाइट धरायला दिगंबरमामा. वय पंचावन्न, पण लाइट धरताना हात अजून हलत नाही. आणि मी, संगीता. रौफभाई शूट करून आणतात ते कापायचं, जोडायचं, वर गाणी टाकायची, ह्याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. गिऱ्हाईक मला मॅडम म्हणतं, रौफभाई बेटा म्हणतात आणि दिगंबरमामा नुसतं 'ओ' म्हणतात.

दुकानात येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो. "साधं करावं का एचडी? एवढे जास्तीचे देऊन फरक पडतो का?" इतक्या वर्षांत मला ह्याचं सरळ उत्तर देता आलेलं नाही. काहून, ते सांगते.

*

मी कामाला लागले त्याच वर्षी रौफभाईंनी नांदेडहून पहिला एचडी कॅमेरा आणला. मांडीवर लेकरू घेऊन बसावं तसा एसटीत मांडीवर घेऊन आले. दुकानात नवा मोठा टीव्ही आधीच लावून ठेवला होता. टेस्टिंगसाठी दिगंबरमामांना दारात उभं केलं, दोन मिनिटं शूट केलं आणि टीव्हीला वायर जोडली.

मामा पडद्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"हे कोण हाय?"

"तुमीच की, मामा."

"मग आमच्या आरशात कोण असतंय?"

दुसऱ्या दिवशी मामा मिशी काळी करून आले. फक्त मिशी. त्यानंतर महिनाभर मामांच्या केसांचं वय वेगळं आणि मिशीचं वेगळं होतं.

*

एचडीची पहिली बुकिंग यायला मात्र वेळ लागला. आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावचे एक काका पोरीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आले. चांगला सधन माणूस, वीस एकर सोयाबीन. रौफभाईंना वाटलं, हे घेणार. त्यांनी एक साधा व्हिडिओ लावला, एक एचडी लावला. काका खुर्ची पुढं ओढून बघायला लागले.

"ह्याच्यात काय जास्त दिसतं?"

"सगळंच जास्त दिसतं," रौफभाई म्हणाले. "बराबर बघा. मागच्या माणसाच्या शर्टाचं बटन मोजून घ्या."

"लांबचं माणूसबी दिसतं?"

"एकदम साफ."

"त्याचं तोंड? डोळे?"

"डोळ्यातला लालपणा दिसतो, काका."

काकांनी खुर्ची मागं सरकवली.

"मग साधंच करा. वरातीत आमचा धाकटा भाऊ असतो."

*

एचडी चालू झालं तसं गावातल्या पार्लरवाल्या ताई आमच्याशी बोलेनाशा झाल्या. आधी रस्त्यात भेटल्या की हसायच्या. आता दुकानावरून जाताना मान वळवायच्या. शेवटी एक दिवस वरच चढून आल्या.

"मॅडम, तुमच्या कॅमेऱ्यानं माझा धंदा बसून राहिला," त्या म्हणाल्या. "नवरीचं तोंड कुठवर पांढरं हाय अन् गळा कुठून सुरू होतो, सगळं दिसून राहिलं. काल एका नवरीच्या आजीनं मला फोन करून विचारलं, आमच्या पोरीला दोन रंग काहून दिले म्हणून."

ताईंची तक्रार खरी होती. साध्या कॅमेऱ्यात पावडर आणि कातडी एक व्हायची. एचडीत त्यांची वाटणी झाली होती, मध्ये बांध घातल्यासारखी.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तोंडावर थोडं धुकं टाका."

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. चेहऱ्यावर एक मऊ पडदा येतो. मी टाकून दाखवलं, ताईंचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट पंधरा दिवसांत तालुकाभर झाली. मग बायका मिक्सिंगच्या आधीच येऊन सांगायला लागल्या, 'आमच्या नवरीवर धुकं टाका', 'आमच्या आत्यावर टाका'. नवरदेवाचे बापसुद्धा लाजत लाजत मागायला लागले.

एका लग्नातली नवरदेवाची आई तर यादीच घेऊन आली. घरातल्या सोळा बायकांची नावं, प्रत्येकीवर धुकं. मी यादी वाचली आणि विचारलं, "आणि नवरीची आई? त्यांचं नाव न्हाई ह्याच्यात."

"इहीणबाई हाय तशीच राहू द्या," त्या म्हणाल्या. "लोकांना खरं कळाया पायजे."

*

एका खेड्यातल्या काकडे आडनावाच्या गृहस्थांनी हट्टानं एचडी घेतलं. घरातलं पहिलं लग्न, होऊ दे खर्च म्हणाले. चार तासांची फिल्म झाली. मी पेन ड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर मोटरसायकल थांबली. पुढं काकडे, मागं त्यांचा पुतण्या, आणि दोघांच्या मध्ये गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. जुना, पाठीमागं पोट असलेला.

"ह्याच्यात टाकून द्या," काकडे म्हणाले.

मी सांगितलं, ह्याला पेन ड्राइव्ह लावायला जागाच नाही, ह्याच्यात एचडी दिसणार नाही. काकड्यांनी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग एचडी कशात दिसतं?"

मी आमच्या टीव्हीकडं बोट केलं. ती माझी चूक.

रविवारी जीप आली. जीपमधून सत्तावीस माणसं उतरली. सतरंज्या, पाण्याचा कॅन, भाकरीचं गाठोडं, दोन तान्ही लेकरं आणि एक म्हातारी, जिला दोघांनी धरून वर आणलं. रौफभाईंना कुणाला उठवायची सवय नाही. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि फिल्म लावून दिली. लग्न लागेपर्यंत दोन तास गेले. मग जेवणाची सुट्टी झाली. ठेचा इतका तिखट होता की दिगंबरमामा दुकानातच रडले, आणि बिदाईला सगळ्या बायकांनी त्यांना साथ दिली. चार वाजता सगळे उठले, सतरंज्या झटकल्या, दुकान झाडून दिलं.

जाताना म्हातारी रौफभाईंना म्हणाली, "लई चांगलं झालं, बापू. आता पुढच्या वर्षी याच दिवशी येतो."

ती सगळी मंडळी तीन वर्षं आली. चौथ्या वर्षी काकड्यांनी नवा टीव्ही घेतला, तेव्हा दिगंबरमामा दोन दिवस उदास होते.

*

एका आत्याबाईंची गोष्ट छोटीच आहे. एचडी बघून त्या तणतणत आल्या. "काय उपयोग तुमच्या एचडीचा? साध्या कॅसेटीत मी दर लग्नात पाच-सहा जागी असायची. ह्याच्यात दोनदाच हाय."

मी सगळं शूटिंग पुन्हा काढून दाखवलं. त्या दोनदाच होत्या. बाकीच्या वेळी ज्या बाईला त्या स्वतः समजत आल्या होत्या, ती त्यांची जाऊ होती.

*

आखाडा बाळापूरचे बळीरामभाऊ पोरीच्या लग्नानंतर आठव्या दिवशी आले. शांत माणूस. लग्नात त्यांचे नवे तपकिरी बूट गेले होते. मांडवात काढले आणि परत घालायला गेले तर नाहीत. पोरीची पाठवणी त्यांनी आचाऱ्याची चप्पल घालून केली. बुटाचं काही नाही म्हणाले, पण तो बूट मोठ्या जावयानं घेऊन दिला होता, त्याला काय सांगू?

आम्ही शोधायला बसलो. साध्या कॅमेऱ्यात बूट म्हणजे खाली एक काळा डाग. पण हे एचडी होतं. जेवणाच्या पंगतीत शोधलं, स्टेजवर शोधलं. सापडले ते पाठवणीच्या वेळी, गाडीकडं चालत जाताना. तपकिरी रंग, बाजूला पितळी बक्कल.

"व्हय," बळीरामभाऊ उठून उभेच राहिले. "तेच. वर घ्या, वर घ्या, तोंड बघू."

पुढच्या शॉटमध्ये तोच माणूस गाडीत बसताना चांगला समोर दिसला. पोरीचा सासरा. भाऊंचा इवाई.

रौफभाईंनी मामांना चहा सांगायला पाठवलं. बळीरामभाऊ हळूच खाली बसले. चहा आला, त्यांनी बशीत ओतून संपवला, तोवर पडद्यावर इवाई तसेच थांबले होते, एक पाय गाडीत आणि एक बाहेर.

"एवढं कापता येतं का?" बळीरामभाऊंनी विचारलं.

"येतं की. कुणाला कळणार न्हाई."

"मग कापा." त्यांनी बशी खाली ठेवली, जरा विचार केला. "पण कापलेलं टाकून देऊ नका. मला वेगळ्या पेन ड्राइव्हमध्ये द्या."

"ते कशाला, भाऊ?"

"काही न्हाई. पोरगी नांदून राहिली तिथं," ते म्हणाले. "आपल्याजवळ असलेलं बरं."

*

गेल्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्यांच्या लग्नाची कॅसेट. बत्तीस वर्षांपूर्वीची. त्या काळी त्यांच्या गावात शूटिंग झालेलं ते पहिलं लग्न होतं, म्हणून ती कॅसेट गाजलेली. दर दिवाळीला घरात लावायचे. आता व्हीसीआर मोडला होता.

"हे एचडी करून द्या," गुरुजी म्हणाले.

मी सांगितलं, जुन्या कॅसेटचं खरं एचडी होत नाही. पण नवं सॉफ्टवेअर आहे, ते चेहरे बरेच साफ करून देतं.

"चेहरेच पायजेत," ते म्हणाले आणि खुर्चीवर टेकले. "एक वाद हाय. अंतरपाट खाली आला, तेव्हा आमच्या मंडळी मान वर करून हसल्या. मी म्हणतो, माझ्याकडं बघून हसल्या. आमचे साडू म्हणतात, नजर बाजूला हाय. तीस वर्षं दर दिवाळीला हेच. एकदा क्लिअर झालं की साडू गप बसतील. मला तर काही शंका न्हाई."

मी कॅसेट पुसून, हळूहळू फिरवून कंप्युटरवर घेतली. मग तेवढा तुकडा सॉफ्टवेअरमध्ये टाकून ठेवला.

मंगळवारी बाजाराच्या दिवशी काकू आल्या. गुरुजींच्या मंडळी. एकट्याच, हातात भाजीची पिशवी.

"गुरुजींचं काम झालं का?"

"झालं म्हणायला हरकत न्हाई."

"मला दाखवता का आधी?"

रौफभाई आणि मामा शूटिंगला गेले होते. मी तुकडा लावला. अंतरपाट खाली आला. हारामागून वीस-बावीस वर्षांच्या काकूंनी मान वर केली. सॉफ्टवेअरनं काम चोख केलं होतं. डोळे, पापण्या, नथीचा मोती, सगळं दिसत होतं. नजर गुरुजींच्या कानाशेजारून मागं गेली होती. मागच्या रांगेत चौथा माणूस. पांढरा शर्ट. आजूबाजूच्या सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या होत्या. ह्याची मूठ तशीच मिटलेली.

"थांबवा," काकू म्हणाल्या.

मी थांबवलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला.

"अजून मोठं होतं का?"

मी मोठं केलं. त्या बघत राहिल्या. मग तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत.

"किती बारीक होता," त्या म्हणाल्या.

मी नाव विचारलं नाही.

"हे कुणी कुणी पाहिलं?"

"मी आणि तुमी."

"मग साधंच द्या त्यांना. म्हणावं, जुनी कॅसेट हाय, एवढंच निघालं. अन् हे पुसून टाका."

मी बरं म्हटलं. त्या पिशवी उचलून गेल्या.

रविवारी गुरुजी, काकू आणि साडू, तिघं आले. मी साधं लावलं. अंतरपाट खाली आला, एक धुरकट नवरी धुरकट हसली.

"बघा," गुरुजी म्हणाले. "सरळ माझ्याकडं."

"कशावरून?" साडू म्हणाले. "हे तर आधीसारखंच हाय. एचडीचा काय उपयोग झाला मग?"

"मी आधीच म्हणून राहिले होते," काकू म्हणाल्या. "फरक पडत न्हाई."

पेन ड्राइव्ह घेऊन तिघं पायऱ्या उतरले. समोरच्या गाड्यावर काकू पेरू निवडायला थांबल्या, साडू त्यांच्याशी बोलत उभे राहिले. गुरुजी मात्र परत वर आले. मला वाटलं, काही विसरलं असेल.

ते माझ्या टेबलाजवळ वाकले.

"मॅडम, ते साफ झालेलं पुसलं ना?"

साफ झालेला तुकडा आहे, हे काकू सोडून मी कुणाला कळू दिलं नव्हतं. रौफभाईंनाही नाही.

गुरुजींनी खाली गाड्याकडं बघितलं. काकू एक पेरू नाकाशी धरून वास घेत होत्या.

"पुसा," ते म्हणाले. "साधंच बरं हाय." आणि पिशवी सावरत पायऱ्या उतरून गेले.