पाच चिंचोके

मिरजेत अब्बांचा सत्कार झाला त्याला मी गेले नाही, याचा नातेवाइकांना अजून राग आहे. असू दे. माझा राग त्यांच्या रागापेक्षा जुना आहे. अब्बांनी तिथं व्यासपीठावर चिंचोक्यांची गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं नंतर कानावर आलं. तेव्हा तर न गेल्याचं समाधानच वाटलं.

भाषणांत जे सांगितलं गेलं ते सगळं खरं होतं, हीच पंचाईत आहे. मिरजेत गाद्या-रजया भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा मदरशात शिकून आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार झाला. मशिदीत शिकवता शिकवता बाहेरून मॅट्रिक झाला, वकील झाला, मुन्सफ झाला आणि सत्तरच्या दशकात साताऱ्याला वरिष्ठ दिवाणी न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसला. तिथले वकील त्यांना मागून ‘मौलवी जज्ज’ म्हणायचे. त्यात कुचेष्टा कमी आणि दरारा जास्त होता.

मशिदीत असल्यापासून अब्बांची एक रीत होती. कुणाच्या घरचा कर्ता माणूस गेला की वारसांचे हिस्से सांगायला त्यांना बोलावणं यायचं. ते खिशात चिंचोके घेऊन जायचे. चटईवर सगळ्यांना समोरासमोर बसवायचे, बायकांनासुद्धा, आणि मुलापुढं दोन, मुलीपुढं एक असे चिंचोके मांडायचे. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही आपला हिस्सा डोळ्यांनी दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एखादा भाऊ ते हसण्यावारी नेऊ लागला तर म्हणायचे, “हा तू देत नाहीस. हा तिचाच आहे.” दोनाला एकच का, यावरून मी पुढं त्यांच्याशी पुष्कळ भांडले. पण तो एक तरी ते न चुकता मांडायचे.

फुफू म्हणजे अब्बांची थोरली बहीण. आटपाडीकडं दिलेली, तिथंच विधवा झाली, मूलबाळ नाही. मिरजेला परतली ती आटपाडीची बोली घेऊनच. आम्ही घरात दखनी बोलायचो, फुफू मात्र कायम मराठीत. काका माधवनगरच्या गिरणीत कारकून. त्यांना बापाच्या धंद्याची लाज वाटायची. आजोबांची शेवटची दहा वर्षं दुकान चालवलं ते फुफूनं. कापूस पिंजायची, रजया शिवायची. तिला हवं होतं ते एवढंच, की घराची रस्त्याकडची ती दुकानाची खोली आपली असावी.

आजी आधीच गेली होती. आजोबा गेले तेव्हा वारस राहिले तीन, अब्बा, काका आणि फुफू. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतरच्या रविवारी अब्बा साताऱ्याहून आले. मी तेव्हा सांगलीला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, मीही हजर होते. मला वाटलं, आता चटई अंथरतील. अब्बांनी पिशवीतून स्टँपपेपर काढला. हक्कसोडपत्र, टाइप करूनच आणलेलं. फुफूनं आपला हिस्सा राजीखुशीनं दोन्ही भावांना सोडला आहे, असा मजकूर. सोबत काकूनं आणलेली हिरवी साडी आणि बांगड्या. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावांनी तिला साडी-बांगडी करायची, हे आमच्या कुठल्याही किताबात नाही. ते आम्ही शेजारच्या हिंदू मळेवाल्यांकडून आनंदानं उचललं.

फुफूनं कागदाकडं बघितलं आणि विचारलं, “चिंचोकं कुटं हायत रं?”

“आपल्याच घरात ते कशाला?” अब्बा म्हणाले. “तू आता माझ्याकडं राहणार. तुला काय कमी आहे?”

“मला रस्त्याकडची खोली पायजे हुती.”

“तिथं एकटी राहणार? लोक मला काय म्हणतील?”

फुफूनं अंगठा दिला. साक्षीदार दोन लागतात. एक काकांचा मित्र झाला आणि दुसरी मी, नुकतीच अठरा पूर्ण केलेली. अब्बांनी पेन पुढं केलं आणि मी सही केली, चांगली वळणदार. अब्बा करतात ते बरोबरच असणार, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मी घाबरले होते.

फुफू साताऱ्याला आली आणि आमच्या स्वयंपाकघराची झाली. मिरजेच्या त्या खोलीला काकांनी कुलूप घातलं. आत एक मोडकी खुर्ची, गळका बंब आणि आजोबांची कापूस पिंजायची धनुकली. फुफू मरेपर्यंत ते कुलूप निघालं नाही. निदान खोली वापरली असती तर मी एवढी जळले नसते.

वर्षभरात अब्बांपुढं एक दावा आला. कराडकडच्या एका मुसलमान घरातल्या भावांनी बहिणीकडून असाच अंगठा घेतला होता. अब्बांनी ते हक्कसोडपत्र रद्द केलं. हिस्सा न दाखवता, आसऱ्याच्या भरवशावर घेतलेला अंगठा ही राजीखुशी नव्हे, असं निकालात लिहिलं. पेपरात छापून आलं तेव्हा मी सुटीला साताऱ्याला आले होते. माणसं पेढे घेऊन बंगल्यावर आली. लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण मौलवीलाही लागू पडते, हे मला त्या दिवशी कळलं. फुफूनं सगळ्यांना चहा केला आणि ती माणसं गेल्यावर पेपर माझ्यापुढं धरला. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

“त्या बाईत आन माज्यात फरक काय गं?”

मी तशीच अब्बांकडं गेले आणि तोच प्रश्न त्यांना विचारला.

“तिनं दावा लावलाय का?” ते म्हणाले. “न मागणाऱ्याला कोर्ट देत नाही.”

“तिनं मागितलं होतं. मी साक्षीदार आहे.”

“साक्षीदार म्हणून तू सही केली आहेस,” अब्बा शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफूनं अब्बांच्या ताटाशेजारी पाच चिंचोके ठेवले. अब्बा पेपर वाचत होते. इतक्या वर्षांची सवय, त्यांचा हात आपोआप चालला. दोन, दोन आणि एक. मग त्यांचं लक्ष गेलं. त्या एकट्या चिंचोक्यावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पाचही गोळा करून कोटाच्या खिशात टाकले आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला फायली उचलायला सांगितल्या.

फुफू ताट उचलत मला म्हणाली, “इसरला न्हाई गं. येतंय त्याला अजून.”