कुसुमचं वाण आणि बुजवलेलं फाटक

मैत्रिणींनो, आठवतंय? शाळेतून येताना जुनी इंदूर भागातल्या गल्लीत गाय आडवी बसली असली, की आपण शेजारच्या गल्लीतून घर गाठायचो. रस्ता कधी अडलाच नाही.

आज संक्रांत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आपल्या कुसुमला वाण द्यायला निघाले. तिचं घर आमच्या नव्या कॉलनीच्या अगदी मागे, माझ्या गच्चीतून दिसतं. बघते तर मागचं छोटं फाटक विटांनी बुजवलेलं!

गार्ड म्हणाला, "आंटीजी, अब मेन रोड से घूमके जाना पड़ेगा."

पन्नास पावलांसाठी रिक्षा!

कॉलनीचे सेक्रेटरी म्हणाले, "सेफ्टीसाठी केलंय, ताई." कुणापासून सेफ्टी? कुसुमपासून? शहराबाहेर पार देपालपूरच्या रस्त्यापर्यंत अशाच कॉलन्या झाल्यात, चहूकडून भिंत आणि एकच गेट. याला शहर वाढणं म्हणायचं?

फोनवर कुसुम हसली, "अगं, फेक की भिंतीवरून!" वाण काय फेकायचं असतं? मला रडूच आलं.

तर ऐका. वाण कुसुमलाच, मी रिक्षाने जाऊन देणार. तिळगूळ गार्डला, त्याचा काय दोष? सेक्रेटरींना मात्र आपल्या सगळ्यांच्या सह्यांचा कागद. त्यांचा तिळगूळ डब्यात ठेवलाय, फाटक उघडलं की देईन.